कलमाचा आधार : केव्हा द्यावा, केव्हा काढावा

कोकणात आंब्याची नवी बाग धरणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांच्या वाट्यास सहा-सात वर्षांनी एक निराशा येते. हापूसची कलमे विश्वासाच्या रोपवाटिकेतून आणलेली असतात, खतपाण्यात कसूर झालेली नसते, झाडेही जोमाने वाढलेली असतात. आणि पहिली फळे हाती येतात तेव्हा त्यांतील काही झाडांवर हापूसऐवजी रायवळ आंबा दिसतो. दोष रोपवाटिकेस दिला जातो. तो कधी खराही असतो. पुष्कळदा मात्र घडलेले असते ते असे : लावणीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, एखाद्या वादळी रात्री, कलम सांध्यावर मोडते. वरची हापूसची काडी गळून जाते. खालचा रायवळ खुंट जिवंत असतो. तो थोड्याच दिवसांत फुटतो, आणि हिरवा फुटवा पाहून कलम जगले असे समजून धनी समाधान पावतो. वस्तुतः कलम त्या रात्रीच मेलेले असते. पुढील सहा-सात वर्षे तो रायवळ आंब्यास खत घालीत राहतो.

एक काठी आणि हातभर काथ्या एवढ्याने ही हानी टळली असती. परंतु ह्याच्या उलट प्रकारही बागांतून आढळतो. लावणीच्या दिवशी कलम जाड काठीला नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेले असते आणि मग ते बांधलेले आहे हेच विसरले जाते. दोन-तीन वर्षांनी पाहावे तो दोरी सालीत रुतलेली, तिच्यावरचा भाग फुगलेला आणि खालचा बारीक राहिलेला. काठी कुजून गेल्यावर येणाऱ्या पहिल्या जोराच्या वाऱ्यात ते झाड नेमके त्या खाचेवर मोडते. पहिले झाड आधार नसल्यामुळे गेले. दुसरे आधार असल्यामुळे गेले.

म्हणून आधार द्यावा की नाही, एवढाच हा प्रश्न नाही. तो कोणत्या रोपास द्यावा, किती सैल द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, हे जाणणे तितकेच अगत्याचे आहे. लहान मुलाच्या पांगुळगाड्यासारखे आधारकाठीचे काम आहे. मुलाला उचलून नेणे हे पांगुळगाड्याचे काम नव्हे. त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावयास शिकविणे हे त्याचे काम होय.

कोणत्या रोपास आधार हवा

प्रत्येक रोपास काठी लावलीच पाहिजे असे नाही. बुंध्याशी जाड व शेंड्याकडे निमुळते असलेले, वाऱ्याने वाकून पुन्हा सरळ उभे राहणारे रोप आधाराविना अधिक चांगले वाढते. आधाराची गरज मुख्यतः तीन कारणांनी उत्पन्न होते.

पहिले कारण कलमाचा सांधा. खुंट व कलमकाडी यांचा जोड लावणीच्या वेळी कोवळा असतो. त्यावर पानांचा भार असतो आणि पावसाने भिजलेली पाने आणखी जड होतात. वाऱ्याचा झोत आला म्हणजे सगळा ताण सांध्यावर येतो.

दुसरे कारण खड्ड्यातील भुसभुशीत माती. नव्याने भरलेला खड्डा पहिल्या पावसात खचतो व त्याबरोबर रोप कलते. मुळे अद्याप पिशवीतील मातीच्या हुंडीतच असतात. भोवतालच्या जमिनीत ती शिरलेली नसतात. अशा वेळी रोप वाऱ्याने बुंध्यापासून हलले, तर हुंडीभोवती पोकळी पडते, नवी पांढरी मुळे तुटतात आणि त्या पोकळीत पाणी साचते. शेंडा थोडासा हलणे हिताचे असते, परंतु मुळापासून डोलणे घातक होय. ह्या दोहोंतील भेद बागाईतदाराने नीट ध्यानात ठेवावा.

तिसरे कारण रोपाचा लुकडेपणा. रोपवाटिकेत दाटीने, सावलीत वाढलेली कलमे उंच परंतु बारीक असतात. ती पिशवीत एकमेकींच्या आधाराने उभी असतात; शेतात एकटी पडताच वाकतात.

महाराष्ट्रात १९९० साली फळबाग लागवडीची सांगड रोजगार हमी योजनेशी घालण्यात आली. त्यानंतर वरकस जमिनीवर व जांभ्याच्या कातळावरही बागा उभ्या राहिल्या. कातळात खड्डा खणून त्यात बाहेरची माती भरलेली असते. तेथे मुळांना बाजूस पसरावयास वेळ लागतो आणि उघड्या सड्यावर वारा अडविण्यास काहीच नसते. अशा ठिकाणी पहिल्या पावसाळ्यात आधाराची हयगय करू नये.

काठी कोणती व कोठे रोवावी

साधारण दीड मीटर लांबीची, दोन बोटे जाडीची, सरळ व पक्की वाळलेली काठी नव्या कलमास पुरे होते. बांबू सर्वांत सोयीचा. पांगारा, गिरिपुष्प किंवा निरगुडी यांच्या ओल्या काठ्या वापरू नयेत. त्या पावसात मुळे धरतात, फुटतात, आणि कलमाच्याच खतावर वाढू लागतात.

वाळलेल्या लाकडामागून वाळवी येते, हा अनुभव सर्वांचा आहे. यास्तव काठीची साल काढून टाकावी. जमिनीत जाणारा भाग आगीवर वरून काळा होईपर्यंत भाजावा, किंवा त्यास डांबर लावून ते पूर्ण वाळल्यावरच काठी वापरावी. काठीच्या बुडाशी मातीची भुयारे दिसू लागली, तर काठी तत्काळ बदलावी.

काठी रोवण्याची योग्य वेळ लावणीपूर्वीची होय. खड्डा भरताना किंवा भरल्यावर, कलम लावण्याअगोदर काठी रोवली म्हणजे हुंडी तिच्या बाजूला बसविता येते. लावणीनंतर काठी ठोकावयाची असल्यास ती हुंडीच्या बाहेरून, खोडापासून सुमारे एक वीत अंतरावर ठोकावी. हुंडीत काठी खुपसली तर मुळे तुटतात आणि ज्यासाठी आधार द्यावयाचा तेच बिघडते. काठीचा निदान एक-तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. स्वतः हलणारी काठी रोपास स्थिर करू शकत नाही. कातळावर काठी ठोकणे शक्य नसते. तेथे ती खड्ड्याच्या तळाशी उभी करून भोवती दगड ठासावेत व मग माती भरावी.

काठी वाऱ्याच्या बाजूस असावी. कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो. म्हणून काठी रोपाच्या पश्चिमेस रोवावी. असे केल्याने वारा रोपास काठीपासून दूर ढकलतो व बंध त्यास धरून ठेवतो. काठी पूर्वेस असेल तर प्रत्येक झोताबरोबर खोड काठीवर आपटते, साल खरवडली जाते, आणि त्या जखमेतून रोगाचा शिरकाव होतो. उघड्या माळावर दोन्ही बाजूंचा वारा लागत असेल, तर दोन काठ्या रोवून मध्ये कलम सैल बांधावे.

बंध कसा असावा

बंधासाठी काथ्या, सुतळी, केळीचे वाळलेले सोपट किंवा जुन्या सुती कापडाची रुंद पट्टी घ्यावी. ह्या वस्तू मऊ असतात आणि एका-दोन हंगामांत कुजून तुटतात. विसराळू धन्याच्या बागेत हा त्यांचा गुणच मानावा. तार व नायलॉनची बारीक दोरी कधीही वापरू नये. तार रबराच्या नळीतून ओवली तरी तिचा काच राहतोच.

बंध कोठे बांधावा, याची एक सोपी परीक्षा आहे. खोड दोन बोटांत सैल धरून हात बुंध्यापासून हळूहळू वर न्यावा. ज्या ठिकाणी धरले असता शेंडा आपण होऊन सरळ उभा राहतो, त्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर बंध घालावा. त्याहून वर बांधू नये. शेंड्याजवळ बांधलेले झाड मधल्या भागात कमकुवत राहते. कलमाचा सांधा अगदी कोवळा असेल तर पहिल्या पावसाळ्यापुरता आणखी एक सैल बंध सांध्याच्या किंचित वर द्यावा. सांध्यावरच मात्र बांधू नये.

बंध इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घालावा. एक वेढा काठीभोवती, एक खोडाभोवती, आणि दोहोंच्या मध्ये दोरीची अढी. ह्या अढीमुळे खोड व काठी यांमध्ये अंतर राहते व घर्षण होत नाही. गाठ काठीच्या बाजूस मारावी. काठीभोवतीचा वेढा घट्ट असावा, म्हणजे बंध घसरणार नाही; खोडाभोवतीचा वेढा मात्र दोन बोटे सहज शिरतील इतका सैल असावा.

सैल बंधाचे मर्म

घट्ट बांधलेले झाड सुरक्षित दिसते. म्हणूनच सैल बंध पुष्कळांना निष्काळजीपणा वाटतो. ह्याचा उलगडा झाडाच्या वाढीच्या रीतीत आहे. वाऱ्याने खोड वाकते तेव्हा त्यावर पडणारा ताण वनस्पतीला जाणवतो आणि ज्या भागावर ताण पडतो तेथे ती अधिक लाकूड तयार करते. बुंधा जाड होतो, मुळे बळकट होतात. हलण्यास वावच मिळाला नाही, तर झाड आपली शक्ती उंच वाढण्यात खर्च करते. खोड लांब व सडपातळ राहते.

थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्लंडमधील फळबाग-शास्त्रज्ञाने १८०३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्या बाबतीत उद्‌बोधक आहेत. त्याने सफरचंदाची काही लहान झाडे अशी बांधली की वाऱ्याने ती एकाच दिशेच्या रेषेत हलावीत. त्या झाडांचे खोड सर्व बाजूंनी सारखे न वाढता, ज्या दिशेने ते हलत होते त्या दिशेने अधिक जाड झाले. वारा झाडाचा केवळ शत्रू नसून त्याचा तालीममास्तरही आहे, हे दोनशे वर्षांपूर्वीच दिसून आले होते.

दुसरी गोष्ट रसाच्या वाहण्याची. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली मुळांकडे जाते. खोड दरवर्षी जाड होते, बंध मात्र तेवढाच राहतो. तो सालीत रुतला म्हणजे अन्नाची वाट अडते. बंधाच्या वर अन्न साचून गाठ येते व खाली मुळे उपाशी राहतात. मुळे दुर्बळ झालेले झाड वरून हिरवेगार दिसत असले तरी वादळात टिकत नाही.

हाच धोका कलमावरील प्लॅस्टिकच्या पट्टीपासूनही असतो. सांधा पक्का जुळल्यावर ही पट्टी धारदार पात्याने उभी कापून काढलीच पाहिजे. लावणीच्या वेळी ती काढली नसेल, तर सांधा जुळल्याची खात्री होताच काढावी. पट्टी तशीच राहिल्याने सांध्यावर मोडणारी कलमे थोडी नाहीत.

आधार हा सर्व दोषांवर उपाय नव्हे

पिशवीत फार दिवस राहिलेल्या कलमाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते. असे रोप लावताना वेटोळी मुळे कापून टाकली नाहीत, तर ती पुढे एकमेकांभोवतीच जाड होतात आणि झाडाची पकड जमिनीवर बसत नाही. अशा झाडास कितीही काठ्या लावल्या तरी व्यर्थ. कलम खरेदी करताना फार उंचीच्या रोपाचा मोह न धरता, आखूड, जाड बुंध्याचे व सरळ सांध्याचे रोप निवडावे.

त्याचप्रमाणे खड्डा भरताना माती जमिनीपेक्षा उंच ठेवावी, म्हणजे ती खचल्यावरही सांधा मातीखाली जाणार नाही व बुंध्याशी पाणी साचणार नाही. पहिली तीन-चार वर्षे येणारा मोहोर खुडून टाकावा. कोवळ्या झाडावर फळांचा भार ठेवून मग त्यास टेकू देत बसणे, हे दुहेरी नुकसान आहे. समुद्राकडील व उघड्या बाजूस बांबू, सुरू किंवा गिरिपुष्प यांची ओळ लावावी. वारा पूर्णपणे रोखणाऱ्या भिंतीपेक्षा त्याचा वेग मोडणारी विरळ झाडी अधिक उपयोगी. भिंतीपलीकडे वाऱ्याचे भोवरे उठतात, झाडीतून तो गाळून येतो.

फेरी केव्हा मारावी, काठी केव्हा काढावी

मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून हस्त सरेपर्यंत प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर बागेतून फेरी मारावी. कललेले रोप त्याच दिवशी सरळ करून बुंध्याशी माती दाबावी. आठवडा लोटला तर मुळे वाकड्या स्थितीतच वाढू लागतात. बंध सैल आहे ना, काठी हलत नाही ना, हे पाहावे. गवत बाजूस सारून कलमाचा सांधाही पाहावा. सांध्याखालून आलेले फुटवे लगेच काढून टाकावेत. सांध्यावरील काडी गेली असेल व केवळ खालचाच फुटवा उरला असेल, तर तेथे दुसरे कलम लावावे. किंवा तो फुटवा राखून योग्य जाडीचा झाल्यावर त्यावर जागेवरच मृदुकाष्ठ कलम बांधून घ्यावे. ह्या एका फेरीने सहा-सात वर्षांची फसगत टळते.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आधार काढण्याची परीक्षा घ्यावी. शांत दिवशी बंध सोडावा, काठी तेथेच ठेवावी आणि चार-सहा दिवस रोपाकडे लक्ष ठेवावे. वाऱ्याने वाकून ते आपोआप सरळ उभे राहत असेल, तर काठी उपटून घ्यावी. वाकलेले तसेच राहत असेल, तर पुन्हा सैल बांधावे आणि पुढील पावसाळ्यानंतर हीच परीक्षा घ्यावी. बहुतेक कलमांस एक पावसाळा पुरतो. दोन पावसाळ्यांनंतरही उभे न राहणाऱ्या रोपाची मुळे तपासावीत.

हे काम नेमके पावसाळ्यानंतरच करण्यात हेतू आहे. हिवाळ्यात वारे मंद असतात आणि पुढे दुपारचे खारे वारे हळूहळू वाढत जातात. ह्या सहा-सात महिन्यांत मोकळ्या झाडाला वाऱ्याची सवय होते व पुढच्या मृगापर्यंत त्याचा बुंधा तयार होतो. ऐन जूनमध्ये काठी काढणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास पुराच्या पाण्यात सोडणे होय.

बागेत काठी काढताना तरुण मुलगा सहज विचारतो, "आबा, आहे ती काठी राहिली तर बिघडले कुठे?" ज्याने बाग वाढविली आहे तो म्हातारा त्यास सांगतो, "अरे, झाडाला काठीची सवय लागली की ते काठीच्याच जिवावर उंच होते. काठी कुजेल त्या दिवशी त्याला कोण धरणार?" ह्या उत्तरात सगळे शास्त्र आले.

वादळात पडलेली झाडे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. आंबा, नारळ, सुपारी, काजू यांच्या बागा ह्या वादळांत आडव्या झाल्या. अशा वाऱ्यापुढे काठीचा पाड लागत नाही, हे खरे. परंतु पडलेले लहान झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे, हेही तितकेच खरे आहे.

दोन-चार वर्षांचे झाड एका बाजूची मुळे जमिनीत ठेवून कलंडलेले असेल, तर ते बहुधा वाचविता येते. पहिले काम उघड्या मुळांवर ओले गोणपाट वा ओली माती घालण्याचे. मुळे उन्हात सुकली की आशा संपते. नंतर तुटलेली मुळे व फांद्या धारदार करवतीने साफ कापाव्यात आणि मुळांच्या हानीच्या प्रमाणात फांद्यांचा भार कमी करावा. मुळांखालील माती थोडी उकरून झाड हळूहळू उभे करावे. एकदम ओढल्यास शाबूत राहिलेली मुळेही तुटतात. माती भरून पायाने दाबावी आणि तीन बाजूंनी टेकू द्यावेत. टेकू व खोड यांच्यामध्ये गोणपाटाची गादी ठेवावी. हे टेकू मुळांनी पुन्हा पकड धरीपर्यंत, म्हणजे निदान एक वर्ष, ठेवावे लागतात.

फांद्यांच्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत व त्यासाठी लोखंडी भांडे वापरू नये. बुंध्यापासून पूर्ण उखडलेल्या मोठ्या झाडावर मात्र खर्च करण्यापूर्वी गावच्या कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

फळांच्या भाराचा आधार निराळा

येथवर सांगितलेला आधार वाढत्या झाडाचा. फळांच्या ओझ्यासाठी द्यावयाचा आधार निराळा असतो व त्याची गल्लत करू नये. जळगावकडील केळीस घड पडल्यावर बांबूचा दुबेळका टेकू किंवा पट्टीचा ताण द्यावा लागतो. कारण केळीचे खोड लाकडाचे नसून पानांच्या तळांचे एकमेकांभोवतीचे वेढे असते आणि ते कितीही हलले तरी लाकूड धरीत नाही. सोलापूर-नाशिककडील डाळिंबाच्या फांद्या फळांनी जमिनीस टेकू नयेत म्हणून त्यांस काठ्यांचा व दोऱ्यांचा आधार देतात. हे टेकू प्रत्येक बहारास द्यावयाचे व फळे उतरताच काढावयाचे असतात. आंब्याच्या कलमाची काठी मात्र एकदाच लागते. योग्य वेळी काढली तर त्या झाडाला ती पुन्हा लागत नाही.

शेतकरी बंधूंनी येत्या मृगापूर्वी आपल्या बागेतून एक सावकाश फेरी मारावी. सोबत धारदार चाकू, काथ्याचे बिंडे व चार काठ्या घ्याव्यात. जेथे रोप उघडे आहे तेथे काठी द्यावी. जेथे बंध रुतू लागला आहे तेथे तो कापावा. जेथे प्लॅस्टिकची पट्टी विसरली आहे तेथे ती काढावी. आणि प्रत्येक कलमाचा सांधा वाकून, गवत बाजूस सारून, डोळ्यांनी पाहावा. लहान बागेस ह्या कामाला एक सकाळ पुरते. सहा-सात वर्षांनी टोपलीत कोणता आंबा पडणार, ते पुष्कळदा ह्या एका सकाळी ठरते.